कार्यकर्त्यांची माय : क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले



दरवर्षी ३ जानेवारी आली की आपण विहारात सावित्रीमाईंची जयंती साजरी करतो. तसबिरीला हार घालतो, मेणबत्ती लावतो, त्रिशरण-पंचशील होते. मग आपल्या वस्तीतल्या लहान मुली निळी-पांढरी साडी नेसून भाषणे करतात. शेणाचे गोळे, दगड, पहिली शाळा, पहिली शिक्षिका. हे सारे खरेच आहे आणि ते पुन्हा पुन्हा सांगितलेच पाहिजे. पण माईंच्या जीवनाची एक बाजू आपल्या व्यासपीठांवरून फार कमी सांगितली जाते. ती म्हणजे, बरोबर काम करणारी माणसं माईंनी कशी सांभाळली. विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तीच बाजू मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कारण मंडळ काढणे काही अवघड नाही. बोर्ड रंगवला, पावतीपुस्तक छापले, अध्यक्ष-सेक्रेटरी निवडले की झाले मंडळ. पहिल्या वर्षी पन्नास माणसं येतात, दुसऱ्या वर्षी वीस, आणि तिसऱ्या वर्षी सतरंज्या घालायला तीच पाच-सहा. बाकीची कुठे गेली, का गेली, घरी कोण आजारी आहे, कोणाचं काम सुटलं, हे विचारायला कोणी जात नाही. सावित्रीमाई जवळजवळ पन्नास वर्षे हे विचारायला जात होत्या. त्यांचे चरित्र या अंगाने वाचले तर आपल्यासारख्या लहान मंडळांना त्यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० साली त्यांचे लग्न जोतीरावांशी झाले. माई नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा वर्षांचे. सासरी आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकवले, पुढे त्यांनी शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि माई शिकवू लागल्या.

इथपर्यंतची गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण नीट पाहिले तर ही शाळा एकट्या-दुकट्याची नव्हती. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्र होते. महार-मांग वस्तीतून मुलं शाळेत आणण्यासाठी लहुजी साळवे आणि राणबा महार घरोघर फिरत होते. सगुणाबाई क्षीरसागर शिकवायला पुढे आल्या होत्या. १८४९ साली लोकांच्या दडपणामुळे सासऱ्यांनी घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली आणि त्याच घरातल्या फातिमाबी माईंच्या बरोबरीने कामाला लागल्या. शिपाई बळवंत सखाराम कोल्हे माईंना शाळेत सोडायला आणि आणायला जात. रस्त्यात लोक शेण-चिखल फेकत म्हणून माई एक जादा लुगडे बरोबर ठेवत, ही आठवण त्यांच्याकडूनच आपल्यापर्यंत आली. म्हणजे बघा, वेगवेगळ्या जातीची, वेगवेगळ्या धर्माची, वेगवेगळ्या ऐपतीची माणसं एका कामाला जुंपलेली होती. यांना एकत्र धरून ठेवणे हे शिकवण्याइतकेच कष्टाचे काम होते.

माईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध आहेत. तीनही पत्रे माई पुण्याबाहेर असतानाची आहेत. नवराबायकोच्या पत्रांत जे घरगुती येते ते त्यात फार थोडे आहे, सारा जीव कामात आणि कामातल्या माणसांत आहे.

पहिले पत्र ऑक्टोबर १८५६ चे. माई फार आजारी पडल्या होत्या आणि हवापालटासाठी नायगावला माहेरी गेल्या होत्या. भावाने त्यांची मनापासून सेवा केली. पण तोच भाऊ, महार-मांगांना शिकवता म्हणून बहिणीला आणि मेव्हण्याला बोल लावत होता. माईंनी त्याच्याशी भांडण केले नाही, सेवेचे उपकार विसरल्या नाहीत आणि आपली बाजूही सोडली नाही. शांतपणे, पण ठामपणे त्याला समजावले. आई ऐकत होती, तिचेही मन वळले. या पत्रात एक लहानशी गोष्ट आहे आणि आम्हाला ती फार मोठी वाटते. अंथरुणातून नुकत्याच उठलेल्या माईंना चिंता कशाची, तर आपण इकडे आल्यामुळे फातिमावर कामाचा बोजा पडला असेल याची. आणि ती कुरकुर करणारी नाही, याचीही त्यांना जाण आहे.

जो कार्यकर्ता तक्रार करीत नाही, त्याच्याकडेच मंडळाचे दुर्लक्ष होते. तो आहेच, तो करीलच, असे सगळे धरून चालतात. एक दिवस तो गप्पपणे यायचा बंद होतो. न बोलणाऱ्या माणसाचे ओझे ज्याला दुरून दिसते, तो खरा संघटक. माई तेव्हा अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या!

दुसरे पत्र ऑगस्ट १८६८ चे, तेही नायगावहून. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचे प्रेम जमले होते. मुलीला दिवस गेले होते. गावाला कळल्यावर लोकांनी दोघांना पकडले, मारत-मारत गावातून धिंड काढली आणि जिवे मारायची तयारी केली. माईंना कळताच त्या धावत गेल्या. इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि जमाव थोपवला. दोघांचा जीव वाचला. पण माई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आज वाचवले, उद्या काय? त्यांनी दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले. संकटातून सोडवणे हे निम्मे काम, आणि सोडवलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर उभे करणे हे उरलेले निम्मे काम, हे माईंना पक्के ठाऊक होते.

हेच तत्त्व त्यांच्या घराने आधीच स्वीकारले होते. १८६३ साली फुले दाम्पत्याने आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे. जोतीरावांनीच दिलेल्या माहितीप्रमाणे १८८४ पर्यंत तिथे पस्तीस स्त्रिया येऊन गेल्या. बाळंतिणीला गरम पाणी कोणी दिले? रात्री रडणारे पोर कोणी घेतले? कागदावर नाव जोतीरावांचे दिसते, पण अंगावरचे काम माईंचे होते. तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी पोटचे पोर मानून दत्तक घेतले. तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जातीचे बंधन नव्हते. तीनच वर्षांत सभासद तीनशेच्या वर गेले. आठवड्याला सभा होत असे. दारूबंदी, मुलांचे शिक्षण, कर्ज काढून सण-लग्न न करणे, भटाशिवाय विधी करणे, असे विषय असत. पण सभेत हात वर करणे सोपे आणि घरी जाऊन पाळणे कठीण. घरात लग्न निघाले की भाऊबंद दारात उभे राहतात. माणूस डळमळतो. इथे माईंनी काय केले? २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. ही राधा माईंच्या मैत्रिणीची, बजूबाई निंबणकर यांची लेक. म्हणजे माईंनी आपल्या मैत्रिणीच्या घरापासूनच सुरुवात केली. समाजाच्या सभासदाने नवी वाट धरली तर त्याच्या अंगणात आपण उभे राहिले पाहिजे, एवढे साधे हे गणित होते.

मग आला १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ. गुरे मेली, विहिरी आटल्या, माणसे पाला खाऊ लागली. सत्यशोधक मंडळी अन्न मिळवण्यासाठी गावोगाव फिरू लागली. माई स्वतः जुन्नर भागात ओतूरला जाऊन राहिल्या. तिसरे पत्र तिथले, एप्रिल १८७७ चे. त्या भागात सावकारांविरुद्ध लोकांचा उठाव झाला होता आणि पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांना पकडले होते. कलेक्टरने माईंना बोलावून विचारणा केली. माईंनी निर्भयपणे सांगितले की आमच्या माणसांवर खोटा आळ आला आहे, त्यांना सोडावे. कलेक्टरला ते पटले, त्याने पोलिसांनाच दरडावले आणि माणसे सुटली. शिवाय त्याने चार बैलगाड्या धान्यही पाठवले.

बंधूंनो, साल १८७७. एक बाई, तीही माळ्याची, घरापासून दूर, गोऱ्या साहेबासमोर उभी राहून आपल्या पन्नास कार्यकर्त्यांची जामीन झाल्यासारखी बोलते. कार्यकर्ता पोलीस चौकीत बसला की मोठमोठे पुढारी गावाला निघून जातात, हे आपण काही कमी पाहिलेले नाही. माईंनी ओळख दाखवली, नाव घेतले, जबाबदारी घेतली. याला म्हणतात पाठीशी उभे राहणे.

त्याच दुष्काळात पुण्याजवळ धनकवडी येथे अनाथ, भुकेल्या मुलांसाठी समाजाने बालाश्रम चालवला. जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर आवाहन केले, वर्गणी गोळा झाली. आणि तिथे रोजच्या भाकऱ्यांच्या कामावर माई आणि त्यांच्या मैत्रिणी होत्या. भाकरी थापणाऱ्या या हातांची नावे कुठल्या अहवालात नाहीत. पण आपल्या विहाराच्या कार्यक्रमाला ज्या माता-भगिनी खीर करतात, भांडी घासतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे की तुम्ही माईंच्याच पंगतीतल्या आहात.

जोतीरावांच्या घरी बाहेरगावची मुलं शिकायला राहत. त्यांच्यापैकी एकाने पुढे लिहून ठेवले आहे की इतकी माया करणारी बाई आपण दुसरी पाहिली नाही. महाधू सहादू वाघोले यांच्या आठवणीतही माईंचा सढळ हात दिसतो. फाटक्या लुगड्यातली बाई दारात आली की माई घरातले लुगडे काढून देत. खर्च वाढतो म्हणून जोतीराव कधी बोलले, तर त्या हसून विचारत की जाताना बरोबर काय न्यायचे आहे. जोतीरावांचा कंत्राटाचा धंदा चांगला होता, पण आलेला पैसा असा समाजातच जिरत गेला.

१८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. धंदा बसला, दुखणे लांबले, घरात पैशाची ओढाताण झाली. तेव्हा मामा परमानंदांनी १८९० साली सयाजीराव गायकवाड महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली, आणि महाराजांकडून पुढे मदत आली. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याला दिले, त्यांच्यासाठी कोणीतरी शब्द टाकावा लागला. परमानंदांचे हे काम आम्हाला छोटे वाटत नाही. प्रत्येक मंडळात असा एक तरी माणूस हवा.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला, दत्तक मुलाचा हक्क नाकारला. तेव्हा माईंनी स्वतः टिटवे हातात घेतले, पुढे चालल्या आणि अग्नी दिला. त्या काळी बाईने स्मशानात जाणेही पाप होते! आणि त्या दिवसापासून समाजाची धुराही त्यांनीच घेतली. नेता गेला की संघटना फुटते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. माईंनी ते होऊ दिले नाही. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिच्या अध्यक्षा सावित्रीमाई होत्या.

आम्ही गिरणीतली माणसं. गिरणीत कामगार आजारी पडला तर गेटावर बदलीवाला उभा असायचा. समाजकार्यात बदलीवाला गेटावर मिळत नाही, तो आधी तयार करावा लागतो. माई हे आयुष्यभर करीत आल्या. शिकलेल्या मुलींना शिकवायला लावले. यशवंताला डॉक्टर केले. १८८९ साली त्याचे लग्न हडपसरच्या ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने लावले. ज्ञानोबा हे समाजाचेच कार्यकर्ते. म्हणून पुढे वेळ आली तेव्हा डॉक्टरही घरचा होता आणि जागाही घरच्याच माणसाची मिळाली.

ती वेळ आली १८९७ साली. मुंबईत सुरू झालेली प्लेगची साथ पुण्यात पसरली. आजाऱ्याला लोक लपवून ठेवू लागले, कारण सरकारी माणसे घरात घुसून उचलून नेत होती. शेजारी शेजाऱ्याला शिवेना. मुंबईत सत्यशोधक समाजाचे थोर कार्यकर्ते, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे रोग्यांची सेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. ही बातमी माईंपर्यंत पोचली असणारच. तरी त्या मागे हटल्या नाहीत. यशवंत सैन्यात डॉक्टर होता. त्याला रजा घेऊन बोलावले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू केला. रोग्यांना आणण्याचे काम माईंनी स्वतःकडे घेतले. वय सहासष्ट!

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या घरातला एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे त्यांना कळले. त्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. तो मुलगा वाचला असे सांगतात. माईंना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

इथे बहुतेक भाषणे संपतात. आम्हाला त्यापुढचे सांगायचे आहे, कारण ते सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. डॉ. यशवंत १९०५ साली वारले. मागे पत्नी चंद्रभागाबाई आणि लहान मुलगी. ज्या घरात पस्तीस विधवांना आसरा मिळाला, ज्या घराचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला झाला, ते घर चंद्रभागाबाईंना विकावे लागले. पुण्यासारख्या शहरात फुल्यांच्या सुनेने पुढचे दिवस हलाखीत काढले. ज्या माउलीने कुणाच्या पोराला उघडे पडू दिले नाही, तिची सून उघड्यावर पडली. समाज मोठा होता, पुढारी होते, जयजयकारही होता. पण त्या घरी चूल पेटली का, हे पाहायला जाणारे माईंसारखे कोणी उरले नव्हते. माई गेल्या तेव्हा एक शिक्षिका गेली एवढेच नाही, कार्यकर्त्यांच्या घरांवर असलेली नजर गेली.

भगवान बुद्धांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, स्वतःच्या घाणीत पडला होता. दुसरे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून समजावले की तुम्ही घरदार सोडून आलात, इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? संघ म्हणजे काय, याचा इतका सोपा अर्थ दुसरा नाही. सावित्रीमाईंनी हा प्रसंग वाचला होता की नाही यावर आम्ही जात नाही. त्या तो जगल्या. परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीराव फुले यांना गुरू मानले. त्या गुरूच्या घरात हा संघधर्म चालवणारी माई होती.

आपला विहार याच वस्तीच्या पैशाने आणि घामाने उभा राहिला. विटा वाहणारे काही हात आज थकलेत, काही गेलेत. आमची नम्र सूचना एवढीच आहे. रविवारच्या वंदनेला नेहमी येणारा माणूस दोन रविवार दिसला नाही तर तिसऱ्या सोमवारी कोणीतरी त्याच्या दारी जावे. वर्गणीतला एक लहान वाटा कार्यकर्त्यांच्या दुखण्या-खुपण्यासाठी आणि त्यांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी बाजूला राहावा, आणि तो देताना माईकवर नाव पुकारले जाऊ नये. प्रत्येक जुन्या कार्यकर्त्याने आपल्याबरोबर एक तरुण मुलगा किंवा मुलगी तयार करावी. आणि जो कधीच कुरकुर करीत नाही, त्याला आधी विचारावे.

याला फार पैसा लागत नाही. नजर लागते, आणि चार पावले चालण्याची तयारी लागते. येत्या ३ जानेवारीला माईंच्या तसबिरीला हार घालण्याआधी आपल्यापैकी प्रत्येकाने अशा एका घरी जाऊन यावे. त्या घरची चौकशी हीच माईंना खरी आदरांजली.

क्रांतिज्योती सावित्रीमाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

जय ज्योती! जय क्रांती! जय भीम! नमो बुद्धाय!